पल्ल्याचा आकडा कुठून येतो? : विजेच्या गाड्या, महामार्ग आणि सव्वाशे वर्षांचा हिशेब

१/
जुलै २०१९ मध्ये ह्युंदाईची 'कोना' ही विजेवर चालणारी एसयूव्ही भारतात आली. बॅटरी ३९.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ३९.२ युनिटची. एकदा चार्ज केल्यावर पल्ला ४५२ किलोमीटर, असे तिचे प्रमाणपत्र सांगत होते. तेवढ्याच क्षमतेच्या बॅटरीची कोना त्याच काळात युरोपातही विकली जात होती. तिथे अधिकृत पल्ला होता २८९ किलोमीटर. बॅटरी तेवढीच, मोटरची ताकद तेवढीच, दोन्ही आकडे मान्यताप्राप्त चाचणीतून आलेले. मग मधले १६३ किलोमीटर गेले कुठे? याचे उत्तर गाडीच्या यंत्रात शोधून सापडत नाही. ते इतिहासात आहे. (थ्रेड)

२/
बखर हाती आली की अभ्यासक आधी तीन प्रश्न विचारतो : ती कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली? पल्ल्याचा आकडा हादेखील एक दस्तऐवजच आहे. तो कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेगाने आणि कोणत्या हेतूने मोजला गेला, हे कळल्याशिवाय तो वाचता येत नाही. या आकड्याचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट दिसते : मोजमाप शहराचे, प्रवास महामार्गाचा.

३/
२९ एप्रिल १८९९. पॅरिसजवळच्या आशेर येथे कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने 'ला जामे कोंतांत' नावाची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारे ते रस्त्यावरचे पहिले वाहन, आणि ते विजेवर चालणारे होते. गाडीचा आकार पाणतीरासारखा निमुळता होता. वेग वाढला की हवा आडवी येते, याची जाण त्या काळीही होती. पण चालक कमरेपासून वर उघड्यावर बसलेला आणि चाकेही उघडी. त्यामुळे त्या आकाराचा बराचसा फायदा वाया गेला. विक्रम वेगाचा झाला. पल्ल्याची कसोटी त्या दिवशी लागायचीच नव्हती.

४/
विजेची गाडी ही एकविसाव्या शतकाची नवलाई आहे, असा समज सार्वत्रिक आहे. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेवरच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवरच्या होत्या. विजेची गाडी धूर सोडत नसे, आवाज करत नसे, आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचे कष्टही तिच्यात नव्हते. शहरातील फरसबंद रस्त्यांवर ती उत्तम चाले. शहराबाहेर मात्र रस्ते चिखलाचे, आणि वीज मिळण्याची सोय जवळजवळ नव्हती. तिचे जग शहराच्या वेशीपाशी संपत होते.

५/
त्या काळातील सर्वांत नामवंत गाड्यांपैकी एक म्हणजे 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक'. १९०७ पासून ती बनू लागली. कंपनी जाहिरातीत ८० मैलांचा, म्हणजे सुमारे १३० किलोमीटरचा पल्ला सांगत असे. एका चाचणीत मात्र याच गाडीने एका चार्जवर २११.३ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर अंतर कापले. गाडी तीच आणि आकड्यांत अडीच पटींहून अधिक तफावत! कोना भारतात येण्याच्या शंभर वर्षे आधीच हा प्रश्न असा उभा राहिला होता.

६/
त्या ३४० किलोमीटरांचा उल्लेख आजही कौतुकाने होतो. त्यासोबत गाडीचा कमाल वेग क्वचितच सांगितला जातो : ताशी साधारण ३२ किलोमीटर. आजची रिक्षाही त्याहून जोरात जाते. इतक्या संथ वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो. शक्ती खर्च होते ती मुख्यतः चाकांच्या घर्षणावर. पल्ला सांगताना वेग गाळला, तर अर्धेच वाक्य उच्चारल्यासारखे होते. त्या काळच्या जाहिरातींनी हेच केले, आणि पुढच्या शतकानेही तीच रीत चालवली.

७/
विजेची गाडी मागे का पडली? १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला आणि पेट्रोल गाडीचे हँडल गेले. फोर्डची मॉडेल टी वर्षागणिक स्वस्त होत गेली. एडिसन यांची निकेल-लोहाची बॅटरी १९०३ च्या सुमारास बाजारात आली; ती गळू लागल्याने परत घ्यावी लागली, आणि सुधारित रूप यायला दशक संपत आले. तोवर लोकांना गाडीने दूर जायची गोडी लागली होती. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. गावात फिरण्यासाठी ती गाडी पुरेशी होती. देश पाहण्यासाठी ती पुरत नव्हती.

८/
दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पेट्रोलची तीव्र टंचाई होती. वीज त्या मानाने उपलब्ध होती. तेव्हा विमाने बनवणाऱ्या ताचिकावा कंपनीतील अभियंत्यांनी १९४७ मध्ये 'तामा' ही विजेची गाडी आणली. सरकारी चाचणीत तिने एका चार्जवर सुमारे ९६ किलोमीटर अंतर कापले. टोकियोत ती टॅक्सी म्हणूनही धावली. तिचा कमाल वेग होता ताशी ३५ किलोमीटर. डेट्रॉइट असो वा टोकियो, जिथे विजेची गाडी यशस्वी झाली तिथे रस्ता शहरातला होता आणि वेग बेताचा.

९/
आता वेगाचा हिशेब. गाडीला पुढे जाताना मुख्यतः दोन शक्ती अडवतात. एक टायरचे घर्षण : ते गाडीच्या वजनावर ठरते आणि वेगाने फारसे बदलत नाही. दुसरा हवेचा रोध : तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की हा रोध चौपट होतो. ताशी ८० वरून १२० वर गेले, म्हणजे वेग दीडपट केला, की दर किलोमीटरला हवेशी झुंजण्यात सव्वादोन पट ऊर्जा जाते. हा नियम पेट्रोल, डिझेल, वीज सगळ्यांना सारखाच लागू आहे.

१०/
एक ठोकळ गणित मांडून पाहू. मध्यम आकाराची एसयूव्ही, प्रवाशांसह वजन सुमारे १,८०० किलो, बॅटरी ४० युनिटची. रस्ता सपाट, वारा नाही, एसी बंद.
• ताशी ५० किमी : दर १०० किलोमीटरला सुमारे ९ युनिट. पल्ला सुमारे ४५० किमी.
• ताशी १०० किमी : सुमारे १८ युनिट. पल्ला सुमारे २२० किमी.
• ताशी १२० किमी : २३ ते २४ युनिट. पल्ला सुमारे १७० किमी.
गाडी एकच, तीन वेग, तीन पल्ले. पहिला आकडा प्रमाणपत्रावरच्या ४५२ च्या किती जवळ येतो, हे ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे येते.

११/
मग पेट्रोल गाडी महामार्गावर उलट जास्त सरासरी का देते? कारण इंजिन शहरात फार उधळे असते. सिग्नलला उभे असतानाही ते इंधन जाळते, ब्रेक दाबला की गतीची सारी ऊर्जा उष्णता होऊन जाते. महामार्गावर ही उधळपट्टी थांबते, आणि त्या बचतीत हवेचा वाढीव खर्च झाकला जातो. विजेची मोटर शहरात मुळातच काटकसरी. उभी असताना ती जवळजवळ काही घेत नाही, आणि ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत भरते. म्हणून महामार्गावर हवेचा खर्च उघडा पडतो. त्यात पेट्रोलच्या लिटरमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. ४० लिटरच्या टाकीतली उधळपट्टी खपून जाते. ४० युनिटच्या बॅटरीत ती खपत नाही.

१२/
हवेच्या या हिशेबाची जाणीव महामार्गांनीच करून दिली. जर्मनीत १९३५ मध्ये फ्रँकफर्ट ते डार्मश्टाट हा राइशऑटोबानचा पहिला टप्पा खुला झाला. तासन्‌तास पूर्ण वेगाने पळण्याची सवय नसलेल्या तत्कालीन गाड्यांची इंजिने त्या रस्त्यावर तापू लागली. याच काळात पॉल याराय यांच्यासारख्या अभियंत्यांनी गाडीचा आकार हवेला धार्जिणा करण्याचा आग्रह धरला. नवा रस्ता आला की जुने मोजमाप अपुरे पडते, याचा तो मोठा धडा होता.

१३/
विजेच्या गाडीने हा धडा एकदा अगदी मनावर घेतला. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने शून्य-उत्सर्जन गाड्यांचा नियम केला, आणि १९९६ मध्ये जनरल मोटर्सची 'ईव्ही १' रस्त्यावर आली. शिसे-आम्लाची जड बॅटरी फार ऊर्जा साठवू शकत नव्हती, म्हणून अभियंत्यांनी खर्चच कमी केला. गाडी ठेंगणी, दोनच आसनांची, पाण्याच्या थेंबासारखी. हवारोधाचा गुणांक फक्त ०.१९. आजच्या बहुतेक एसयूव्हींचा तो याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळही बरेच मोठे.

१४/
लिथियमची बॅटरी आल्यावर हा काटकसरीचा करार मोडला. ऊर्जा जास्त साठवता येऊ लागली, बॅटरी तळाशी सपाट मांडता येऊ लागली, आणि ग्राहकाला उंच, भरदार गाडी हवी होती. शहरात हे चालून जाते, कारण संथ वेगाला आकार फारसा बोलत नाही. महामार्गावर तोच आकार भिंतीसारखा हवेला भिडतो. एसयूव्हीचा कागदी आणि प्रत्यक्ष पल्ला यांतली दरी ठेंगण्या गाडीपेक्षा अधिक रुंद दिसते, ती यामुळे.

१५/
आता त्या चाचण्यांकडे वळू. त्यांचा जन्म पल्ला मोजण्यासाठी झालेला नाही. त्या धुरासाठी जन्मल्या. लॉस एंजलिसवर धुरक्याचे सावट होते. १९६० च्या दशकात तिथल्या सकाळच्या गर्दीत प्रत्यक्ष गाडी चालवून एक मार्ग नोंदवला गेला. त्यातून अमेरिकेची शहरी चाचणी तयार झाली : १,३६९ सेकंद, सुमारे १२ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३१.५ किलोमीटर. गाडी रोलरवर चढवायची, तोच वेगालेख गिरवायचा, आणि नळीतून बाहेर पडणारे वायू मोजायचे. एका शहराची एक सकाळ अशी जगाच्या प्रयोगशाळेत शिरली.

१६/
त्या नोंदीतही एक काटछाट आहे. प्रत्यक्ष चालक जितक्या झपाट्याने वेग वाढवत, तितका झपाटा त्या काळच्या रोलर यंत्रांना पेलत नव्हता, चाके घसरत. म्हणून वेगवाढीवर सेकंदाला ३.३ मैल प्रतितास अशी मर्यादा घातली गेली. यंत्राची दुर्बलता प्रमाणाचा भाग झाली. पुढे यंत्रे सुधारली, पण तो वेगालेख तसाच राहिला. नकलाकाराचा हस्तदोष पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरावा, तसाच हा प्रकार.

१७/
१९७३ च्या तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची (सुमारे ८८ किमी) वेगमर्यादा आणली. महामार्गाची चाचणी त्याच दशकात आकाराला आली. तिचा कमाल वेग ६० मैल, सरासरी सुमारे ७८ किलोमीटर. ती वेगमर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली; चाचणी उरली. गाड्या सांगितलेली सरासरी देत नाहीत, अशी तक्रार वाढल्यावर १९८५ पासून शहरी आकडा १० आणि महामार्गाचा २२ टक्क्यांनी घटवून छापला जाऊ लागला. २००८ च्या गाड्यांपासून अधिक वेगाच्या, एसीच्या आणि थंडीच्या चाचण्या जोडल्या गेल्या. विजेच्या गाडीचा प्रयोगशाळेतील पल्ला तिथे सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणून सांगतात. अमेरिकी आकडा खरा वाटतो, तो या जाहीर कबुलीमुळे.

१८/
युरोपने १९७० मध्ये आपली शहरी चाचणी ठरवली : १९५ सेकंद, सुमारे एक किलोमीटर, कमाल वेग ताशी ५०. ती चार वेळा गिरवायची. १९९० च्या सुमारास तिला शहराबाहेरचा एक तुकडा जोडला गेला. त्यात १२० चा वेग येतो, पण अवघे काही सेकंद. या जोडचाचणीचे नाव एनईडीसी. एकूण ११ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३३.६. एसी बंद, दिवे बंद. शहराबाहेरच्या तुकड्याची एक सौम्य आवृत्तीही होती. कमी ताकदीच्या गाड्यांसाठी तिचा कमाल वेग ९० वर रोखलेला होता. भारताच्या दृष्टीने तीच महत्त्वाची ठरली.

१९/
भारतात ही कथा पुण्यात घडते. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय, १९६६ मध्ये स्थापन झाली. कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर तिचे आवार आहे. १९८० च्या दशकात भारतीय रस्त्यांवरील नोंदींच्या आधारे या संस्थेने भारतीय चालनचक्र बेतले : १०८ सेकंदांचे एक आवर्तन, कमाल वेग ताशी ४२, सरासरी सुमारे २२. आज हे आकडे हास्यास्पद वाटतील. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि दुपदरी रस्त्यांच्या देशात ते प्रामाणिक होते.

२०/
२००० च्या सुमारास मोटारींसाठी सुधारित चक्र आले. त्याचे लघुनाम एमआयडीसी. मराठी वाचकाला हे अक्षर वाचून चाकण किंवा भोसरीची औद्योगिक वसाहत आठवेल. इथे अर्थ आहे 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'. मुळात हे युरोपचेच चक्र, फक्त कमाल वेग ९० वर रोखलेला. योगायोग असा की त्याच सुमारास देशाचा पहिला सहापदरी द्रुतगती मार्ग मुंबई-पुण्यादरम्यान बांधला जात होता आणि २००२ मध्ये तो पूर्ण झाला. ताशी ९० चे मोजमाप आणि त्याहून वेगवान रस्ता, दोघे एकाच पिढीत जन्मले आणि एकमेकांना भेटलेच नाहीत.

२१/
याच चक्रात कोनाच्या कोड्याची किल्ली आहे. एमआयडीसीचे दोन भाग आहेत : शहरी आणि शहराबाहेरचा. विजेच्या गाड्यांचा पल्ला भारतात बराच काळ पहिल्या भागावरच जाहीर होत असे. कमाल वेग ताशी ५०, थांबे धरून सरासरी १९ च्या आसपास. म्हणूनच ४५२ हा आकडा वरच्या ठोकळ गणितातील ताशी ५० च्या ओळीला जाऊन मिळतो. त्यात खोटे काही नाही. त्या आकड्याने महामार्ग कधी पाहिलेलाच नव्हता, इतकेच.

२२/
युरोपचा २८९ हा आकडा वेगळ्या चाचणीचा आहे. प्रयोगशाळा आणि रस्ता यांतली इंधनखर्चाची तफावत २००१ मध्ये दहा टक्क्यांच्या आत होती. २०१५ च्या सुमारास ती चाळीस टक्क्यांवर पोहोचली. सप्टेंबर २०१७ पासून तिथे नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही चाचणी लागू झाली : १,८०० सेकंद, सुमारे २३ किलोमीटर, कमाल वेग ताशी १३१. शेवटच्या टप्प्याचा सरासरी वेग ९२ च्या आसपास. तरी संपूर्ण चाचणीची सरासरी ४६.५ च आहे. म्हणून सलग १२० ने जाणाऱ्याला हा आकडाही पुरा पडत नाही.

२३/
भारतातही २०२४ मध्ये पान उलटले. दोन्ही भाग मिळून पल्ला जाहीर होऊ लागला. टाटा कर्व्हच्या ५५ युनिट बॅटरीच्या गाडीचा पल्ला पहिल्या भागानुसार ५८५ किलोमीटर होता. दोन्ही भाग धरल्यावर तो ५०२ झाला. कंपनीने स्वतःच प्रत्यक्ष वापराचा अंदाज ४०० ते ४२५ असा वेगळा सांगितला. एकाच गाडीला तीन आकडे, आणि तिन्ही छापील. दोन्ही भाग धरूनही कमाल वेग ९० च राहतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे.

२४/
महाराष्ट्रातला चालक वेगापेक्षा घाटाला अधिक भितो. हिशेब काय सांगतो? खोपोलीच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत चढ सुमारे ५५० मीटरचा. १,८०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला बॅटरीतून सुमारे सव्वातीन युनिट जादा लागतात. घाटाबाहेर द्रुतगती मार्गाचे साधारण ७५ किलोमीटर उरतात. तिथे वेग ८० ऐवजी १०० ठेवला, तरी जवळजवळ तितकीच वीज जादा जाते. फरक असा की घाट उतरताना उंचीचा काही भाग बॅटरीत परत येतो. हवेला दिलेली वीज परत येत नाही.

२५/
एसीचाही असाच गैरसमज आहे. समजा एसी दीड किलोवॅट घेतो. ताशी २० च्या कोंडीत १०० किलोमीटरला पाच तास लागतात, म्हणजे साडेसात युनिट. ताशी १०० च्या वेगाला तेच अंतर तासाभरात, म्हणजे दीड युनिट. महामार्गावर एसी बंद करून घामाघूम होण्यापेक्षा वेग दहाने कमी करणे अधिक फलदायी. शिवाय वाटेतले जलद चार्जिंग ८० टक्क्यांनंतर मंदावते आणि १० टक्क्यांखाली कोणी जाऊ इच्छित नाही. म्हणून पहिल्या थांब्यानंतर हाती येतो तो बॅटरीचा सत्तर टक्के भाग. वरच्या उदाहरणात ताशी १०० ने जाताना २२० चे सुमारे १५० उरतात.

२६/
जुन्या मराठीत प्रवासाचे एक माप होते : मजल. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत, दिवसाकाठी कापायची वाट. ही मजल सर्वत्र सारखी नसे. देशावरच्या सपाटीवर ती लांब, घाटवाटेत आखूड. बैल दमलेले असतील, पाणी दूर असेल, तर आणखी आखूड. त्या शब्दात वाट, जनावर आणि ऋतू यांचा विचार आधीच मुरलेला होता. 'मजल दरमजल करीत' निघालेल्या माणसाला कोणी एकच आकडा हातात दिला नव्हता. आधुनिक प्रमाणपत्राने आकडा दशांशापर्यंत अचूक केला आणि वाट मात्र गाळून टाकली.

२७/
यात पणाला काय लागले आहे? पहिल्यांदा विजेची गाडी घेणारे कुटुंब ४५० वाचते, नागपूरच्या वाटेला लागते आणि २२० ला अडकते. त्या दिवशी ते एका आकड्यावरचा विश्वास गमावतेच, सोबत विजेच्या गाडीवरचाही गमावते. शंभर वर्षांपूर्वी विजेची गाडी शहराच्या वेशीवर थांबली, तेव्हा बॅटरी दुबळी होती आणि रस्ते नव्हते. आज बॅटरीही आहे, रस्तेही आहेत. उणीव आहे ती मोजमापाच्या प्रामाणिक वाचनाची.

२८/
तेव्हा पल्ल्याचा आकडा समोर आला की त्याला बखरीसारखेच प्रश्न विचारावेत. कोणती चाचणी? एक भाग की दोन्ही? कमाल वेग किती? एसी चालू होता का? ही उत्तरे मिळाली की ४५२ आणि २८९ यांच्यात भांडण उरत नाही. ते दोन वेगांचे, दोन रस्त्यांचे दाखले ठरतात. ताशी १०० चा तिसरा दाखला कोणत्याही भारतीय प्रमाणपत्रावर छापलेला नाही. तोवर प्रत्येक युनिटमागे साडेपाच किलोमीटर धरून निघावे. मुक्काम गाठता येईल.